हरवलेली लीजन आणि फँटसीतला रोम

रोमन सैन्याची एक लीजन, म्हणजे काही हजार सैनिकांचे पथक, आपल्या जगातून नाहीशी होते आणि थेट जादूच्या जगात जाऊन पडते. इंग्रजी फँटसीत या एका कल्पनेवर अख्ख्या मालिका उभ्या आहेत. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, इतिहासात डॉक्टरेट केलेल्या एका अमेरिकन लेखकाने १९८७ मध्ये ज्युलियस सीझरचे सैनिक गॉलमधून (आजच्या फ्रान्सच्या भागातून) उचलले आणि बायझंटियमच्या वळणाच्या एका साम्राज्यात चाकरीला लावले. २००४ ते २००९ दरम्यान आलेल्या दुसऱ्या एका सहा भागांच्या मालिकेचा जन्म तर पैजेतून झाला. चांगला लेखक टुकार कल्पनेचेही सोने करतो, असे तिचा लेखक वाद घालताना म्हणून बसला. समोरच्याने एक टुकार कल्पना देऊ केली, तर याने दोन मागून घेतल्या. वाट्याला आले ते हरवलेली रोमन लीजन आणि पोकेमॉन. मग त्या लीजनच्या वंशजांना त्याने माती, पाणी, वारा, आग, लाकूड आणि धातू यांतल्या शक्ती वश करून दिल्या आणि मालिका तुफान चालली.

लीजन हरवली होती, हे यात सगळ्यांनी धरूनच चाललेले आहे. घोडे पेंड खाते ते इथेच.

ही लीजन म्हणजे नववी, हिस्पाना. ब्रिटनमधली राणी बुडिका हिच्या बंडात तिचे पायदळ जवळजवळ कापले गेले, पुढे कॅलिडोनियात, म्हणजे आजच्या स्कॉटलंडमध्ये, तिच्या छावणीवर रात्री हल्ला झाला, तरी ती टिकली. इंग्लंडमधल्या यॉर्कला १८६४ मध्ये सापडलेल्या एका शिलालेखात सम्राट ट्रेजनने नवव्या लीजनकडून किल्ल्याचे दार बांधून घेतल्याची नोंद आहे. त्याच्या पदव्यांवरून साल निघते इ.स. १०७-१०८. ब्रिटनमधला तिचा हा शेवटचा पक्का पुरावा. १२२ च्या सुमारास यॉर्कला सहावी लीजन आली, आणि मार्कस ऑरेलियसच्या काळात रोममध्ये कोरलेल्या लीजनांच्या यादीत नववीचे नाव नाही.

या रिकाम्या जागेत एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन इतिहासकाराने कत्तल बसवली. ट्रेजननंतरचा सम्राट हेड्रियन याच्या कारकिर्दीत ब्रिटन लोकांनी बरेच रोमन सैनिक मारले, असा एक ओझरता उल्लेख जुन्या पत्रात आहे, त्यावर त्याची भिस्त. १८६६ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्चेस्टरच्या उत्खननात पंख तुटलेला काशाचा गरुड मिळाला होता. कत्तल आणि गरुड यांची सांगड घालून १९५४ मध्ये मुलांसाठी एक कादंबरी आली, आणि त्यानंतर धुक्यात गडप झालेली लीजन लोकांच्या डोक्यातून गेलीच नाही. २०१० आणि २०११ मध्ये तर लागोपाठ दोन चित्रपट आले. तो गरुड लीजनचे निशाण नसून बहुधा एखाद्या पुतळ्याचा भाग असावा, असे आता अभ्यासक म्हणतात. चित्रपटवाल्यांना त्याचे काय!

दरम्यान नेदरलँड्समध्ये नायमेखनला नववीचा शिक्का असलेल्या कौला-विटा निघाल्या. जवळच घोड्याच्या साजाचा एक तुकडा मिळाला, त्यावरही तिचेच नाव. म्हणजे ती ब्रिटनमधून बाहेर पडली होती. यावर काहींचे म्हणणे, तिथे सगळी लीजन नव्हती, एखादी तुकडी असेल. असेलही. पण नववीत तरुणपणी सेवा केलेले काही अधिकारी इ.स. १४० नंतर कॉन्सल या रोममधल्या मोठ्या पदावर पोचल्याचे शिलालेखांतून दिसते. तो काळ मागे मोजत गेले की लीजन १२० नंतरही शाबूत असावी असेच निघते. मला तरी ब्रिटनमधल्या कत्तलीची बाजू लंगडी वाटते.

फँटसीकारांनी रोमकडून घेतले ते मुख्यतः असेच, सीमेवरचे. सम्राट, सिनेट, कारस्थाने आहेतच, पण पगडा आहे तो तटबंदीचा आणि तिच्या पलीकडच्या अंधाराचा. १९८१ मध्ये एक अमेरिकन लेखक हेड्रियनच्या भिंतीवर, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या रोमन सीमेच्या तटावर, उभा राहिला आणि उत्तरेकडे बघत असलेल्या रोमन पहारेकऱ्याला काय वाटत असेल याचा विचार करू लागला. त्यातून पुढे सातशे फूट उंचीची बर्फाची भिंत उभी राहिली आणि ती टीव्हीमार्फत घराघरांत पोचली. मूळ भिंत ११७ किलोमीटर लांब खरी, पण उंचीला माणसाच्या दोन-तीन पटच.

नववीच्या शेवटाबद्दल उरलेले दोन्ही तर्क पूर्वेचे आहेत. एक, १३२ ते १३५ चे ज्यूंचे बंड. दुसरा, १६१ मध्ये आर्मेनियात एलेगिया इथे इराणच्या पार्थियनांनी एका लीजनला वेढून बाणांनी संपवले, तो प्रसंग. तो नोंदवणाऱ्या इतिहासकाराने लीजनचा क्रमांक दिलेला नाही. फँटसीकाराला याहून चांगली फट कुठे मिळणार? तरी आर्मेनियाच्या डोंगरांत नववीला हरवू देणारी मालिका माझ्या पाहण्यात नाही. सगळ्यांना स्कॉटलंडचे धुकेच हवे असते.