फ्लॉट्सम आणि जेट्सम

फ्लॉट्सम आणि जेट्सम या इंग्लंडच्या सागरी कायद्यातील दोन जुन्या संज्ञा आहेत. जहाज फुटल्याने किंवा बुडाल्याने पाण्यावर तरंगत राहिलेल्या मालाला फ्लॉट्सम म्हणतात, तर संकटात सापडलेले जहाज हलके व्हावे म्हणून खलाशांनी जाणूनबुजून समुद्रात टाकलेल्या मालाला जेट्सम म्हणतात. तळाशी गेलेला, पण पुन्हा सापडावा म्हणून बोया बांधून ठेवलेला माल म्हणजे लॅगन, आणि परत मिळवण्याची आशा व इरादा सोडून टाकून दिलेले जहाज म्हणजे डेरिलिक्ट, अशा आणखी दोन संज्ञा यांच्या जोडीने येतात.

दोन्ही शब्द नॉर्मन काळानंतर इंग्लंडच्या न्यायालयांत रुळलेल्या अँग्लो-फ्रेंच भाषेतून आले. जेट्समचे मूळ ‘फेकणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. जेटिसन हा आजही वापरात असलेला शब्द त्याचाच भाऊबंद होय. लिखित इंग्रजीत जेट्सम सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आणि फ्लॉट्सम साधारणतः सतराव्या शतकाच्या आरंभापासून आढळतो. फ्लॉट्समचे मूळ ‘तरंगणे’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदात असून ते क्रियापद बहुधा जर्मानिक भाषांतून फ्रेंचमध्ये शिरले असावे. शब्दान्तीचे जुने ‘सन’ जाऊन ‘सम’ कसे आले, याचे सर्वमान्य उत्तर नाही. ‘सम’ने संपणाऱ्या इतर इंग्रजी शब्दांच्या ओढीने हा बदल झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लॅगनबद्दलचा वाद याहून जुना आहे. सर एडवर्ड कोक या विधिज्ञांनी ‘लिगन’ हे रूप अधिक शुद्ध मानून ते ‘बांधणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून काढले. अर्थाशी ते छान जुळत असले, तरी नंतरच्या कोशकारांचा कल ‘समुद्रात टाकून ठेवलेले जाळे’ अशा अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दाकडे आहे. मध्ययुगात उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर ‘लॅगन’ हाच शब्द किनाऱ्याला लागलेल्या मालावरील हक्कासाठी वापरला जात असे, ही गोष्टही कोक यांच्या व्युत्पत्तीविरुद्ध जाते.

या संज्ञांची प्रमाणभूत मांडणी सर हेन्री कॉन्स्टेबल यांच्या १६०१ च्या खटल्यात झाली. कोक यांनी तो आपल्या निर्णयसंग्रहात नोंदवला आहे. यॉर्कशरमधील होल्डरनेसच्या किनाऱ्यावर येणाऱ्या मालावर राजदत्त हक्क असल्याचा कॉन्स्टेबल यांचा दावा होता. समुद्राने जमिनीवर आणून टाकलेला माल तेवढाच ‘रेक’ म्हणजे भग्नावशेष होय, आणि फ्लॉट्सम, जेट्सम व लॅगन हे जोवर समुद्रात आहेत तोवर त्यांना ते नाव लागत नाही, असे तेथे ठरले. यात प्रश्न केवळ नावाचा नव्हता. जमिनीवरचा माल कॉमन लॉच्या म्हणजे देशाच्या सर्वसाधारण न्यायालयांकडे जाई, तर पाण्यातला सागरी खटले चालवणाऱ्या ॲडमिरल्टी न्यायालयाकडे. राजाने एखाद्या जमीनदाराला ‘रेक’ बहाल केला, तरी तेवढ्याने पाण्यातला माल त्याच्या हाती येत नसे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला माल नेमका कोणाचा, यावरून वाद पुढेही चालू राहिले. ब्रँडीच्या ४९ पिंपांसंबंधीचा १८३६ चा खटला त्यांपैकीच एक आहे.

जेट्समच्या व्याख्येत मात्र एकवाक्यता नाही. कोक यांच्या मते माल जहाज वाचवण्यासाठी टाकलेला हवा आणि तरीही ते जहाज पुढे नष्ट झालेले हवे. इंग्लिश विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टन यांनी इंग्लंडच्या कायद्यावरील १७६५ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्यात वेगळीच कसोटी लावली: टाकलेला माल बुडून तळाशी राहिला तर जेट्सम, पृष्ठभागावर राहिला तर फ्लॉट्सम. ब्लॅकस्टन यांची विभागणी सुटसुटीत आहे, परंतु तीत खलाशाच्या हेतूला जागा उरत नाही. वादळात मुद्दाम टाकलेले लाकूड केवळ तरंगते म्हणून फ्लॉट्सम ठरते. हेतू हाच या भेदाचा गाभा मानणारी कोक यांची दृष्टी अधिक स्वीकारार्ह आहे, कारण माल मुद्दाम टाकण्याला कायद्यात फार जुना अर्थ आहे. सर्वांच्या भल्यासाठी एकाचा माल समुद्रात टाकला, तर ती हानी सर्वांनी वाटून घ्यावी, हा ऱ्होड्स बेटाच्या नावाने ओळखला जाणारा नियम रोमन विधिज्ञांच्या मतांचा संग्रह असलेल्या डायजेस्टमध्ये आहे आणि आजच्या सागरी व्यवहारात तो ‘जनरल ॲव्हरेज’ या नावाने चालतो. अर्थात, जहाज नष्ट झालेच पाहिजे ही कोक यांची अट या नियमाशी नीट बसत नाही.

ब्रिटनच्या १८९४ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टने चारही संज्ञा नावानिशी ‘रेक’मध्ये घेतल्या आणि १९९५ च्या कायद्याने ते कायम ठेवले, त्यामुळे जमीन व पाणी यांमधला जुना भेद तेवढ्यापुरता मिटला. असा माल ज्याला सापडतो त्याने ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक असून मूळ मालकाला हक्क सांगण्यासाठी एक वर्षाची मुदत मिळते. भारताच्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टमधील ‘रेक’ची व्याख्या ही नावे वापरत नव्हती, मात्र समुद्रात टाकल्यावर बुडालेला माल, तरंगत राहिलेला माल आणि तरंगत्या वस्तूला बांधून ठेवलेला माल अशी तिची वर्गवारी होती. ती उघडच ब्लॅकस्टन यांच्या वळणाची होती.

कायद्याबाहेर, एकोणिसाव्या शतकापासून, हे दोन्ही शब्द जोडीने ‘इकडचे तिकडचे किरकोळ सामान’ या अर्थी आणि पुढे निराधार, भटक्या माणसांसाठीही वापरले गेले. माणसांसाठीचा हा वापर हिणकस आहे. एकटा फ्लॉट्सम हा शब्द आज समुद्रावर तरंगणाऱ्या कचऱ्यासाठी सर्रास येतो. १३ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘टोकियो एक्सप्रेस’ या जहाजावरून कॉर्नवॉलच्या लँड्स एंडजवळ मोठ्या लाटेमुळे ६२ कंटेनर समुद्रात पडले. त्यांपैकी एकात लेगो खेळण्यांचे सुमारे ४८ लाख तुकडे होते आणि ते आजही किनाऱ्यावर सापडतात. जहाज वाचले आणि माल कोणी मुद्दाम टाकला नव्हता, म्हणून कोक यांच्या व्याख्येनुसार हे तुकडे फ्लॉट्समही ठरत नाहीत आणि जेट्समही. रूढ इंग्रजीत मात्र त्यांना फ्लॉट्समच म्हटले जाते.