मायना गेला, ‘महोदय’ आला

गेल्या महिन्यात मराठवाड्यातल्या एका मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडत दुकानात बसलो होतो. मालकांच्या मुलानं एका डाळ मिलला थकबाकीचं पत्र लिहिलं होतं, ते त्यानं वाचायला दिलं. सुरुवात अशी: ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपणाकडून येणे असलेल्या रकमेबाबत कार्यवाही होणे अपेक्षित आहे.’ रक्कम किती, कुठल्या मालाची, कधीपर्यंत हवी, यातलं काहीच पत्रात नव्हतं. खाली ‘आपला विश्वासू’ मात्र होतं. मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘‘हे पत्र दुकानातून चाललंय का तहसीलीतून?’’

व्यापाऱ्याच्या पत्रात तहसील कशी शिरली, हे बघायचं तर मागं जावं लागतं. पार देवगिरीपर्यंत.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी हेमाद्री पंडित श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याची सगळी दप्तरं त्याच्या हाताखाली. लोकांच्या तोंडी तो हेमाडपंत. मोडी लिपी त्यानं आणली, तीही थेट लंकेहून, अशी दंतकथा आहे. अभ्यासक ती मानत नाहीत. पण ‘हेमाडपंती मेस्तक’ या नावानं जी हस्तलिखितं पिढ्यान्‌पिढ्या उतरवली गेली, ती कारकुनाची रोजची गरज होती: हिशेब कसा मांडावा, कोणाला काय म्हणून लिहावं, पत्र कुठं सुरू करावं आणि कुठं थांबवावं.

मायना हा शब्द अरबीतून आला आणि मराठीत पत्राचं डोकं होऊन बसला. वडिलांना ‘तीर्थरूप’, मुलाला ‘चिरंजीव’, मानाच्या गृहस्थाला ‘राजमान्य राजश्री’. त्याचंच पुढं रा. रा. झालं. मग ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, थोडक्यात स. न. वि. वि. आपल्याला हे अवडंबर वाटतं. मला मात्र त्यातला ‘विशेष’ हा शब्द फार हुशार वाटतो. तिथं नमस्कार संपतो आणि काम सुरू होतं. लिहिणारा कोण, वाचणारा कोण, कोणी कोणापुढं किती वाकायचं, हा हिशेब मायन्यातच चुकता झालेला असतो. त्यामुळं ‘विशेष’नंतर माणूस बेधडक लिहू शकतो: इतके रुपये येणे, अमक्या मितीस पाठवावे. शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा ही विनंती’ म्हटलं की कडक तगाद्याचीही धार बोचत नाही. सभ्यपणा दोन टोकांना, मधे नुसता मजकूर.

यादवांनंतर इथं फारसी आली. दख्खनच्या सुलतानांचं वरचं दप्तर फारसीत चाले, पण गावच्या पाटील-कुलकर्ण्याला हुकूम कळायचा तर मराठी हवीच. म्हणून एकाच कागदावर फारसी आणि खाली मोडीत मराठी, असे कागद निघत. त्यांच्या अखेरीला एक काटेकोर सूचना वारंवार भेटते: तालीक लिहून घेऊन असल परतून द्यावी. नक्कल तुमच्या दप्तरी ठेवा, मूळ कागद ज्याचा त्याला परत करा. आजच्या किती पत्रांत मूळ कुठं आणि प्रत कुठं हे इतकं स्वच्छ सांगितलेलं असतं?

शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडिताकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी अर्ज, मजकूर, दाखला, नक्कल, तारीख हे शब्द हलले नाहीत. पत्राखाली आपण लिहितो तो ‘ता. क.’ म्हणजेही ‘ताजा कलम’, तोही फारसीच.

मराठवाड्याची वाट पुण्यापेक्षा वेगळी झाली ती निजामीत. हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा आधी फारसी होती, १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूनं घेतली. मुंबई इलाख्यात मामलेदार, इथं तहसीलदार. तिकडं कलेक्टर, इथं अव्वल तालुकदार. कचेरीत काम असलं की बाहेर बसलेल्या अर्जनवीसाकडं जायचं. आपण मराठीत गाऱ्हाणं सांगायचं, तो उर्दूत उतरवून द्यायचा. आपल्याच अर्जात काय लिहिलंय हे अर्जदाराला वाचता यायचं नाही आणि सही म्हणून अंगठा. सरकारी कागद म्हणजे न कळणारा कागद, ही समजूत आपल्याकडं रुजली ती तेव्हा, असं मला वाटतं.

व्यापाऱ्याचं मात्र तसं करून भागणारं नव्हतं. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादला जाणारी रेल्वे सुरू झाली आणि इथल्या कापसाला मुंबई जवळ आली. ‘जालना सोने का पालना’ म्हणत ते उगीच नाही. पण मुंबईला पत्र लिहायचं तर आधी दोन गोष्टी सांभाळाव्या लागत.

पहिली तारीख. कचेरीचं साल फसली, म्हणजे महसुली, आणि महिने आजूर, दै, बहमन असे. चोपडीत शके नाहीतर संवत. मुंबईच्या पेढीला इंग्रजी तारीख. फसली सालात साधारण ५९० मिळवले की इसवी सन, हा हिशेब जुन्या मुनिमांना तोंडपाठ. हुंडीची, म्हणजे पैसे देण्याच्या व्यापारी चिठ्ठीची, मुदत तारखेवर चालते, तेव्हा कुठली तारीख हे लिहिलं नाही तर भांडण ठरलेलं.

दुसरी आणि जास्त महागात पडणारी गोष्ट म्हणजे रुपया. संस्थानचा रुपया हाली, इंग्रज सरकारचा कलदार. दोन्ही रुपयेच, पण सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. कोणी नुसतं ‘७०० रुपये पाठवावे’ असं लिहिलं तर एकाच्या मनात कलदार, दुसऱ्याच्या मनात हाली, आणि मधे शंभर कलदारांचं अंतर. म्हणून आकड्यापुढं ‘हाली’ किंवा ‘कलदार’ लिहिणं हा रिवाज नव्हता, पोटाचा प्रश्न होता. हुंडीत तर याहून चोख पद्धत: रक्कम आकड्यात, मग अक्षरी, मग तिची निमी, म्हणजे अर्धी, आणि ‘त्याचे दुप्पट पुरे’. एक शून्य कोणी वाढवलं तर निमा आकडा त्याला पकडून देणार.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. उर्दूत वाढलेल्या कचेऱ्यांना मराठीत लिहायला शिकायचं होतं. भाषा संचालनालय निघालं, १९६२ मध्ये पदनाम कोश आला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. काम मोठं होतं, यात शंका नाही. पण ही मराठी मेस्तकातून उचललेली नव्हती. सचिवालयातल्या इंग्रजी मसुद्यांवर ती बेतलेली होती. ‘करण्यात येते’, ‘कळविण्यात येते’: कोण करतं, कोण कळवतं, पत्ता नाही. ‘आपला आज्ञाधारक’ आणि ‘आपला विश्वासू’ हेही साहेबाच्या पत्रातून आलेले. ‘युवर्स फेथफुली’ला मराठी टोपी घातली, एवढंच. ‘लोभ असावा’मध्ये समोरच्याकडं काही मागणं आहे, ‘आपला विश्वासू’मध्ये लिहिणारा स्वतःलाच प्रमाणपत्र देतो.

शाळेच्या पाठ्यपुस्तकात हाच नमुना आला, तिथून मुलांच्या वहीत आणि वहीतून दुकानात. मोडी तोवर सुटलीच होती. जुन्या चोपड्या माळ्यावर गेल्या, कारण घरात कोणाला वाचता येईनात.

मोंढ्यातल्या मालकांनी त्या दिवशी मुलाला नवा कागद घ्यायला लावला आणि उभ्या उभ्या सांगितलं. त्यानं लिहून घेतलं ते असं:

‘स. न. वि. वि. आपण ता. १२ रोजी नेलेल्या तुरीच्या ४० पोत्यांचे १,४२,००० रुपये येणे आहेत. येत्या सोमवारी आमचा माणूस येईल, त्याच्याजवळ चेक द्यावा. काही अडचण असल्यास शनिवारपर्यंत फोन करावा. नवीन माल चांगला उतरला आहे, नमुना सोबत पाठवत आहे. कळावे, लोभ असावा.’

मुलगा पाकीट बंद करायला निघाला तसं मालकांनी थांबवलं. ‘‘ता. क. राहिलं. लिही, मागच्या वेळची हमाली यात धरलेली नाही.’’