पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा एक नव्हेत

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्माच्या तीन महिन्यांत, पोळा येतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विहारात हमखास हा वाद पेटतो. कुणी दारू प्यालेला दिसला की एक जण म्हणतो, "याची प्रतिज्ञा मोडली, हा आता बौद्ध राहिला नाही." दुसरा म्हणतो, "जाऊ द्या ना भाऊ, पंचशील काय नि प्रतिज्ञा काय, सारखंच आहे." पंचशील म्हणजे रोजच्या वागण्याची पाच शीलं, आणि बावीस प्रतिज्ञा म्हणजे बौद्ध धम्माची दीक्षा घेताना केलेले संकल्प. दोघांचंही चुकतं, आणि त्यापायी ज्याला विहाराची सगळ्यात जास्त गरज आहे तोच विहारात यायचा बंद होतो.

बावीस प्रतिज्ञा आपल्याकडे भिंतीवर आहेत, पोरांनाही पाठ आहेत. त्या इथं सांगत बसत नाही. शील पाच आणि पालीत, प्रतिज्ञा बावीस आणि मराठीत, हा फरक किरकोळ. गल्लत होते कारण दोन्ही एकाच मैदानावर मिळाल्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील दिलं, आणि मग बाबासाहेबांनी स्वतः लोकांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. दोन दिवसांनी चंद्रपूरलाही दीक्षा झाली.

खरी मेख १३ ते १७ या प्रतिज्ञांत आहे. प्राणिमात्रांवर दया, चोरी, व्यभिचार, खोटं, दारू. हीच पाच शीलं. म्हणून लोकांना वाटतं, बावीस म्हटल्या की त्यात पाच आलीच. विषय तेच आहेत, पण काम वेगळं आहे. प्रतिज्ञा घेतली तेव्हा आपण कुठून निघालो आणि कुणाच्या मागे चाललो हे ठरलं, ते रोज नव्यानं ठरवायचं नसतं. शील मात्र प्रत्येक वंदनेत पुन्हा घेतात, कारण ते माणसाकडून तुटणार हे धरूनच ते दिलेलं आहे. वावराचा धुरा (बांध) एकदा आखला की आखला; निंदण दर पावसाळ्यात करावंच लागतं, आणि गवत उगवलं म्हणून कुणी वावर सोडून जात नाही.

म्हणून प्यालेल्या माणसाला धम्माबाहेर काढायचा अधिकार कुणालाच नाही. त्यानं उतरल्यावर यावं, बसावं, शील पुन्हा घ्यावं. पण घरी बायकोला मारलं असेल तर नुसतं "समादियामि" (हे शील घेतो) म्हणून भागत नाही. आधी तिच्यापुढे चूक कबूल करायची, आणि त्या वेळी उपासकांनी तिच्या बाजूनं उभं राहायचं.

पहिल्या शीलाचं कोडं याहून अवघड आहे. कपाशीवर बोंडअळी आली की फवारणी करावी लागते, मग जीव न घेण्याचं "पाणातिपाता" हे शील कोणत्या तोंडानं म्हणायचं? प्रश्न प्रामाणिक आहे, हसून टाळू नका. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेला नियम म्हटलं नाही, तत्त्व म्हटलं. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. नियम माणसाला मोडतो किंवा माणूस नियमाला मोडतो. तत्त्व विचाराला जागा ठेवतं. त्या जागेत मग पुढचे प्रश्न येतात: फवारा गरजेपुरताच आहे का? फवारणाऱ्या मजुराला मास्क, हातमोजे दिले का? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अळीचा जीव मोजणाऱ्यानं मजुराचा जीव विसरला, तर त्यानं पहिलं शील नुसतं पाठ केलंय.

याउलट जुने देव आणि कर्मकांड सोडायला लावणाऱ्या पहिल्या आठ प्रतिज्ञांत अशी सूट शोधू नका. "पोरांची हौस" म्हणून घरात महालक्ष्म्या (गौरी) बसवणं, "म्हाताऱ्यांच्या समाधानासाठी" पिंडदान करणं, हे मला मान्य नाही. तिथं तोल साधायचा नसतो, सोडायचं असतं. शेजाऱ्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला मात्र खुशाल जा. जेवण म्हणजे पूजा नव्हे, आणि शेजार तोडा असं कुठल्याच प्रतिज्ञेत नाही.

लग्नात पाच शीलं एका दमात उरकतात, त्याची मला मनापासून चीड आहे. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी एकेक शील थांबून घ्यावं, लगेच मराठीत अर्थ सांगावा. बावीस प्रतिज्ञा अशोक विजयादशमीला (दसऱ्याला) सगळ्या गावानं उभं राहून म्हणाव्यात. दर रविवारच्या वंदनेला पंचशील पुरे, फक्त त्यानंतर पाच मिनिटं त्या आठवड्यात कुठलं शील जड गेलं ते ज्याला बोलायचं त्याला बोलू द्यावं.