मॅश टन (घरगुती ब्रूइंग): जोडणी आणि सफाई

मॅश टन म्हणजे बिअर करताना भरडलेला मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि गरम पाणी एकत्र करून तासभर झाकून ठेवायचं भांडं, आणि नंतर त्याच भांड्यातून गोड पाणी गाळून काढायचं. इथला टन हजार किलोवाला नाही, मोठ्या पिंपाला इंग्रजीत असलेला जुना शब्द आहे. तयार मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट (मॉल्टचा आटवलेला अर्क) न वापरता थेट धान्यापासून बिअर करायची पद्धत, जिला ऑल-ग्रेन म्हणतात, तिची सुरुवात या भांड्यात होते. मोठ्या ब्रूअरीत गाळण्यासाठी बऱ्याचदा वेगळं भांडं असतं, त्याला लॉटर टन म्हणतात, घरगुती मापात दोन्ही कामं एकाच डब्यात उरकतात.

आत काय होतं ते आपल्याकडे नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घरांना सांगायला नको. धान्याला मोड आणला की त्यात स्टार्च तोडणारी एन्झाइम्स तयार होतात, मग ते वाळवतात, बार्लीचं हेच केलं की मॉल्ट झाला. पाण्यात भिजून ६२ ते ७० अंश सेल्सियसमध्ये राहिला की एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. ६२-६५ च्या आसपास ठेवलं तर यीस्ट खाऊ शकेल अशी साखर जास्त होते आणि बिअर कोरडी, म्हणजे कमी गोड लागते, ६८-७० ला ठेवलं तर तोंडात दाट लागते, म्हणून बहुतेक जण ६६-६७ धरतात. गाळून जे निघतं ते वर्ट, ते नुसतं गोड असतं, अल्कोहोल यीस्ट घातल्यावरच येतं.

कायद्याचं आधीच सांगितलेलं बरं. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे आणि त्यासाठी भांडी-साहित्य बाळगणंही. त्यामुळे मुंबईत बिअरसाठी हे भांडं वापरायची जागा म्हणजे परवानाधारक मायक्रोब्रूअरीची छोटी ट्रायल बॅच. मी स्वतः घरी वर्टवरच थांबतो, उकळून आटवून त्याचं मॉल्ट सिरप करतो, त्याला हॉर्लिक्सची आठवण करून देणारा वास येतो आणि दुधात ते फार छान लागतं.

माप असं. २० लिटरच्या बॅचला साधारण ५ किलो मॉल्ट लागतो, किलोला ३ लिटर धरलं तर १५ लिटर पाणी, धान्यासकट हे १८-१९ लिटर होतं, म्हणजे २५-३० लिटरचा आइसबॉक्स पुरतो. आइसबॉक्सच का, तर त्याच्या भिंतीत फोम असतो, गॅस न लावता तासाभरात एखाद-दोन अंशच उतरतात. फक्त मासळीच्या बर्फासाठी वापरलेला बॉक्स कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, तो वास प्लास्टिकमधून जात नाही. नवीन बॉक्सलाही प्लास्टिकचा वास असतो, गरम पाण्यात खायचा सोडा घालून रात्रभर भरून ठेवला की बराच कमी होतो.

बाकी सामान मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मिळतं. अर्धा इंची स्टेनलेस स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह, टँक निपल (बॉक्सच्या भिंतीतून आरपार बसणारा जोड, दुकानात हाच शब्द चालतो), टेफ्लॉन टेप आणि दोन्ही बाजूंना फूड ग्रेड सिलिकॉनचे वॉशर, काळं रबर नको कारण गरम पाण्यात त्याची चव उतरते. खरा जीव मात्र आतल्या गाळणीत आहे. एकतर भोकांची स्टीलची जाळी तळाशी बसवायची, नाहीतर वॉशबेसिनला लागते ती स्टीलची विणलेली कनेक्शन पाइप घ्यायची, आतली रबराची नळी ओढून काढून टाकायची, एक टोक दुमडून बंद करायचं आणि दुसरं क्लॅम्पने निपलला आवळायचं. विण घेताना बघून घ्या, काहींत प्लास्टिकचे धागे मिसळलेले असतात, ते गरम पाण्यात लोळागोळा होतात. पहिल्यांदा धान्य न घालता ७५ अंशांचं पाणी भरून अर्धा तास ठेवायचं, गार पाण्यात न गळणारा जॉइंट गरम पाण्यात गळतो.

धान्य चक्कीवर दळू नये. पीठ झालं की गाळणी चोंदते, आणि सालपटच फुटलं तर गाळायला थर कशाचा बसणार, दाणा चिरडला पाहिजे आणि साल जवळपास अख्खी राहिली पाहिजे, त्यासाठी दोन रोलरची मिल लागते.

पाणी घालतानाच्या तापमानाचा एक मुद्दा मुंबईकरांनी लक्षात ठेवावा. धान्य गार असतं म्हणून पाणी थोडं जास्त गरम घ्यावं लागतं, पण थंड देशात धान्य १५ अंशांवर असतं आणि आपल्याकडे सहज ३०. ६७ गाठायला तिकडे ७४ चं पाणी लागतं, इकडे ७२ पुरतं. बॉक्स आधी गरम पाण्याने दहा मिनिटं तापवून घ्यायचा. मग पिठलं करताना गुठळ्या होऊ नयेत म्हणून जसं ढवळतो तसं थोडं थोडं धान्य घालत ढवळायचं.

आपलं नळाचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा वगैरे तलावांचं, तसं मऊच, फिकट रंगाच्या मॉल्टला ते चांगलं, पण क्लोरीन उडवायला आधी उकळून गार करावं, नाहीतर औषधासारखी चव येते. तासाभराने चमचाभर द्रव बशीत घेऊन टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा, निळंकाळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे (ते चाखायचं नाही, फेकायचं). व्हॉल्व्ह थोडासाच उघडून पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात ते हळूच परत वर ओतायचे, स्वच्छ धार आली की भरायला घ्यायचं. धान्य स्वतः ५ लिटर पिऊन टाकतं, म्हणून वरून आणखी १५ लिटर पाण्याने धुवून घेतात, ते ७७ अंशांच्या वर नको, सालीतला तुरटपणा उतरतो. धार अडलीच तर घाई न करता व्हॉल्व्ह बंद करून ढवळायचं आणि थर पुन्हा बसू द्यायचा, गहू जास्त असेल तर धुतलेला भाताचा तूस आधीच मिसळलेला बरा.

सफाई त्याच दिवशी, खरं तर त्याच तासात. मुंबईच्या दमट हवेत ओला चोथा सकाळपर्यंत आंबतो. मी एकदा मे महिन्यात रात्री कंटाळा करून झाकण लावून झोपलो आणि सकाळी शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या की काय मेलंय, मग त्या वासाला घालवायला आठवडा गेला. चोथा सिंकमध्ये अजिबात ओतायचा नाही, बिल्डिंगचा पाइप चोंदतो. तो ओल्या कचऱ्यात जातो, कंपोस्टमध्ये जातो, तबेलेवाले गुरांसाठी आनंदाने नेतात, वाळवून दळला तर थालीपिठाच्या भाजणीत मूठभर चालतो.

मग कोमट पाणी, मऊ स्पंज आणि धुण्याचा सोडा किंवा सोडियम परकार्बोनेट, वीस मिनिटं भिजवून दोनदा खळबळून घ्यायचं. तारेची घासणी नको, प्लास्टिकवर चरे पडतात आणि घाण चऱ्यांतच बसते. ब्लीच स्टीलला खातं म्हणून तेही नको. विणलेली गाळणी काढून उलट बाजूने नळाखाली धरायची. लोक विसरतात तो व्हॉल्व्ह, बॉलच्या मागे वर्ट साचून राहतं, म्हणून व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवून धुवायचा आणि अधूनमधून पूर्ण खोलायचा, तीन तुकड्यांचा घेतला असेल तर हे सोपं जातं. पांढरट थर दिसला तर लिंबूसत्त्वाचं पाणी.

निर्जंतुक करायची गरज मात्र नाही, यावर नवीन माणसं उगाच पैसे घालवतात. टनातून निघालेलं वर्ट पुढे तासभर उकळायचंच असतं, सॅनिटायझर लागतो तो उकळी थांबल्यानंतरच्या भांड्यांना. पुसून, व्हॉल्व्ह उघडा आणि झाकण कलतं ठेवून वाळवायचा, पावसाळ्यात पंख्याखाली एक रात्र ठेवूनच माळ्यावर चढवायचा, नाहीतर जूनमध्ये ठेवलेल्या बॉक्सला गणपतीपर्यंत काळी बुरशी धरलेली असते.