सांगलीच्या उन्हाळ्यात आवाज न करणारा संगणक

घरी असेंबल करून घेतलेला वर्कस्टेशन संगणक ३०० वॉट वीज घेत असेल, तर तो खोलीला ३०० वॉट उष्णता देतो. तो पुलाचे गणित सोडवत असो, चित्रफितीचे संपादन करत असो किंवा नुसत्याच आकड्यांच्या बेरजा करत असो, आत गेलेल्या विजेतला जवळजवळ प्रत्येक ज्यूल शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतो. ही उष्णता हवेने वाहून न्यायची असते, हवा पंख्याने ढकलायची असते आणि आवाज करतो तो पंखा. त्यामुळे शक्तिमान आणि तरीही शांत संगणक हवा असेल, तर दुकानात ‘सायलेंट’ असे छापलेले खोके शोधण्याआधी वॉट आणि अंश सेल्सिअस यांचा हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब सांगलीत थोडा वेगळा होतो. प्रोसेसरचे किंवा त्याच्यावर बसवून त्याला थंड ठेवणाऱ्या कूलरचे परीक्षण बहुधा २० ते २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत झालेले असते. एखादा कूलर ठरावीक वॉटला प्रोसेसरचे तापमान खोलीपेक्षा किती अंश जास्त राहू देतो, ही त्याची खरी ओळख असून हा फरक खोली बदलली तरी साधारण तेवढाच राहतो. म्हणजे २२ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर स्थिरावणारा प्रोसेसर एप्रिल-मे महिन्यांत ३८ अंशांच्या खोलीत ८६ अंशांच्या पुढे जातो, आणि आजच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान असते. त्यात सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. उंची आणि उन्हाळा दोन्ही धरले, तर ३०० वॉट उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान दहा अंशांपेक्षा जास्त वाढू नये यासाठी दर सेकंदाला जवळपास २८ लिटर हवा कॅबिनेटमधून जावी लागते. मुंबईतल्या २० अंशांच्या वातानुकूलित खोलीत हेच काम २५ लिटरांत भागते.

ही हवा कशी ढकलायची, यावरच आवाज ठरतो. पंखा एकच असेल तर हवेचा प्रवाह फेऱ्यांच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि आवाजाची शक्ती तर ढोबळमानाने पाचव्या घाताच्या प्रमाणात. पंख्याचा वेग मिनिटाला १२०० फेऱ्यांवरून ६०० वर आणला, तर हवा निम्मी होते, मात्र आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. निम्मी झालेली हवा भरून काढण्यासाठी तसाच दुसरा पंखा शेजारी लावला, तर त्याचे ३ डेसिबल वाढतात. म्हणजे हवा पहिल्याइतकीच मिळूनही निव्वळ १२ डेसिबलांची बचत होते. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, हे लक्षात घेतले तर एका वेगवान पंख्यापेक्षा दोन-तीन संथ पंखे का लावावेत, ते वेगळे सांगावे लागत नाही. याच कारणाने ८० मिलिमीटरपेक्षा १२० किंवा १४० मिलिमीटर व्यासाचे पंखे घ्यावेत. पंख्यांवर खर्च करताना हात आखडणारे लोक रंगीत दिव्यांवर मात्र सढळ हाताने पैसे घालवतात, याचे कोडे मला उलगडलेले नाही.

आवाज किती आहे याइतकेच तो कोणत्या कंप्रतेचा आहे, यालाही महत्त्व असते, आणि तंतुवाद्ये घडवणाऱ्या मिरजेत हे कोणालाही चटकन पटेल. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला २० फेऱ्या होतात आणि पाती एखाद्या आडव्या पट्टीवरून सेकंदाला १४० वेळा जातात. त्यामुळे पंख्याच्या सळसळीत १४० हर्ट्झचा एक बारीक सूर मिसळतो. पुरुष गायकांच्या नेहमीच्या काळी एक पट्टीतला षड्ज १३८.६ हर्ट्झचा असतो. त्या पट्टीत लावलेला तंबोरा अशा संगणकाशेजारी बसून मुद्रित केला, तर दोन्ही सूर एकमेकांत मिसळून दर सेकंदाला साधारण दीडदा फुगल्यासारखे आणि ओसरल्यासारखे ऐकू येतात, आणि जोडीच्या तारा मुळातच नीट मिळवलेल्या नाहीत की काय, अशी शंका येते. पंख्याचा वेग ७०० वर आणला की हा सूर ८२ हर्ट्झपर्यंत खाली जातो आणि इतका क्षीण होतो की तंबोऱ्याच्या वाटेत येत नाही.

वेग बदलत राहणे हा आणखी एक दोष. एकसारखा चालणारा मंद आवाज कान काही वेळाने सोडून देतो, पण दर अर्ध्या मिनिटाला चढणारा आणि उतरणारा पंखा लक्ष वेधतच राहतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, तापमान आणि पंख्याचा वेग यांचा आलेख ठरवता येतो. तो ६५-७० अंशांपर्यंत सपाट ठेवावा आणि वेग बदलण्याआधी काही सेकंदांचा विलंब द्यावा. चार पिनांचे पंखे यासाठी सोयीचे, कारण त्यांना वेगाचा इशारा २५ किलोहर्ट्झच्या स्पंदांनी दिला जातो आणि ती कंप्रता माणसाच्या श्रवणमर्यादेच्या पलीकडची आहे.

मात्र सर्वांत स्वस्त शांतता पंख्यात नसून प्रोसेसरच्या व्होल्टेजमध्ये आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करत नेताना त्याचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर तेवढ्याच क्षेत्रफळात जास्त ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता वाढत नाही. तीस वर्षे हे गणित जमले. २००५ च्या सुमारास ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, व्होल्टेज आणखी उतरवता येईना, आणि तेव्हापासून उष्णता हीच प्रोसेसरची खरी मर्यादा होऊन बसली. ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना खर्च होणारी शक्ती कंप्रतेच्या, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाच्या, प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कंप्रता आणि व्होल्टेज दोन्ही दहा टक्क्यांनी कमी केले, तर ही शक्ती ०.९ च्या घनाइतकी, म्हणजे ७३ टक्क्यांवर येते. दहा टक्के वेगाच्या बदल्यात सत्तावीस टक्के उष्णता वाचते, आणि हा सौदा दुकानातल्या कोणत्याही महागड्या कूलरपेक्षा चांगला आहे.

कंपन्या उलट्या दिशेने जातात, कारण तुलनेच्या तक्त्यात शेवटच्या पाच टक्क्यांनाच मोल असते. २०२२ साली आलेल्या एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स या सोळा गाभ्यांच्या (कोरच्या) प्रोसेसरला मूळ मांडणीत २३० वॉटपर्यंत शक्ती घेण्याची मुभा आहे. बायोसमधल्या इको मोड या वीज वाचवणाऱ्या सोयीच्या ६५ वॉटच्या पर्यायात हीच मर्यादा ८८ वॉटवर येते, आणि तरीही त्याचा वेग त्या प्रमाणात मुळीच घटत नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ४५० वॉट आहे. तीही सॉफ्टवेअरमधून खाली आणता येते. महाग प्रोसेसर विकत घेऊन त्याला मुद्दाम लगाम घालणे विचित्र वाटेल, पण जास्त गाभे संथपणे चालवणे हे थोडे गाभे जिवाच्या आकांताने पळवण्यापेक्षा नेहमीच थंड पडते.

प्रोसेसरवरच्या कूलरमध्ये जी तांब्याची नळी असते ती भरीव नसते. तिच्यातली हवा काढून टाकून थोडेसे पाणी भरलेले असते. दाब अगदी कमी असल्यामुळे ते पाणी खोलीपेक्षा थोड्याच जास्त तापमानाला वाफ होते, ती वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होताना आपली सुप्त उष्णता ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना देते आणि पाणी नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत गरम टोकाकडे येते. या तत्त्वाची नळी लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये करून दाखवली. शंभर वॉट उष्णता वाहून न्यायला सेकंदाला ०.०४ ग्रॅम पाण्याची वाफ पुरते. अशा नळ्यांवर पट्ट्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला दुहेरी टॉवरचा कूलर मिळत असताना पंपाच्या पाणीकूलरची मला घरच्या कामासाठी गरज वाटत नाही. पंपाला स्वतःचा आवाज आहे, आणि पाण्याने उचललेली उष्णता अखेर त्याच खोलीच्या हवेत सोडायची असते. फक्त टॉवर कूलरची उंची १६० मिलिमीटरच्या आसपास जाते, तेव्हा कॅबिनेटची रुंदी आधी मोजावी.

प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधल्या थर्मल पेस्टचे काम एवढेच, की दोन धातूंच्या सूक्ष्म खाचांतली हवा हटवायची. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या पंधरा हजार पट असते, म्हणून ती खाच रिकामी राहिली तर पुढचा सगळा खर्च वाया जातो.

कॅबिनेट निवडताना आतून फोम चिकटवलेले, दारे घट्ट बंद होणारे मॉडेल शांत म्हणून विकले जाते. फोम तीक्ष्ण, उंच स्वर शोषतो, पण खालची घरघर जाऊ देतो आणि हवेची वाट अडवतो; हवा अडली की पंखे जोरात फिरतात. युरोपातल्या थंड खोलीत हे खपून जात असेल, सांगलीत पुढून जाळीचे कॅबिनेटच घ्यावे. जाळी आली की धूळ आली. हळदीच्या पेठेजवळच्या घरांत पंख्यांच्या पात्यांवर पिवळसर थर बसतो आणि उसाच्या गळीत हंगामात कारखान्यांच्या परिसरात काजळी उडत असते. उपाय साधा आहे: आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवावेत, म्हणजे आतला दाब किंचित जास्त राहतो आणि धूळ फटींतून न शिरता फक्त फिल्टर लावलेल्या वाटेने येते. फिल्टर काढून नळाखाली धुवावा, पूर्ण वाळू द्यावा आणि मगच बसवावा. कूलरची, म्हणजे गवताच्या किंवा हनिकोंब पडद्यांच्या पाण्याच्या कूलरची, झोत कॅबिनेटवर कधीही घेऊ नये. बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत गेले तर त्यांतले क्षार बोर्डावर राहतात.

मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी हार्ड डिस्क १२० हर्ट्झची घरघर निर्माण करते. तिचा स्वतःचा आवाज थोडाच असतो, पण तंबोऱ्याच्या तारेचा नाद जसा तबली आणि भोपळा मोठा करतात, तसे पत्र्याचे कॅबिनेट आणि प्लायवूडचे टेबल ती घरघर मोठी करतात. रबरी बूच लावून डिस्क बसवली आणि कॅबिनेट टेबलावरून काढून जाड रबरावर फरशीवर ठेवले, की फरक लगेच जाणवतो. रोजच्या कामाला एसएसडी वापरून हार्ड डिस्क फक्त साठवणुकीपुरती दुसऱ्या खोलीत ठेवली, तर हा प्रश्नच मिटतो.

संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीत, म्हणजे एसएमपीएसमध्ये, काटकसर करू नये. २००४ पासून चालत आलेल्या ८० प्लस मानांकनात किमान ८० टक्के कार्यक्षमता मागितली जाते, गोल्ड दर्जाला अर्ध्या भारावर किमान ९०. उरलेले टक्के पेटीतच उष्णता होतात. प्रत्यक्ष गरजेच्या दुप्पट क्षमतेचा एसएमपीएस घेतला, तर तो अर्ध्या भारावर थंड राहतो आणि त्याचा पंखा बहुतेक वेळ संथ किंवा बंदच असतो. आपल्याकडे इन्व्हर्टरचाही विचार करावा लागतो. स्वस्त इन्व्हर्टर आणि यूपीएस साइन लहरीऐवजी चौकोनी पायऱ्यांची लहर देतात. काही आधुनिक एसएमपीएस तिच्यावर अचानक बंद पडतात, म्हणून साइन वेव्हचाच घ्यावा. स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झ विजेच्या दुप्पट कंप्रतेवर गुणगुणतो. त्याला टेबलापासून लांब ठेवावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर संगणक उघडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.

संगणक अपग्रेड करताना सर्व भाग एकदम बदलावे लागत नाहीत. मदरबोर्ड आणि कॅबिनेट यांच्या मापांची एटीएक्स ही मांडणी इंटेलने १९९५ मध्ये आणली आणि आजही मदरबोर्ड त्याच मापांनी बनतात, त्यामुळे चांगले कॅबिनेट आणि चांगले पंखे दोन-तीन प्रोसेसर पाहतात. प्रोसेसर ज्यात बसतो ते मदरबोर्डवरचे सॉकेट पुढच्या किती प्रोसेसरांना चालणार, हे घेण्याआधी विचारावे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ साली पहिला रायझन घेतलेल्या अनेकांना बायोस अद्ययावत करून २०२२ चा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसवता आला. रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या दोन वाहिन्यांत (चॅनेलांत) लावाव्यात; डीडीआर४ या आधीच्या पिढीच्या रॅमची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसतच नाही. एसएमपीएस बदलताना मात्र जुन्या सुट्या केबल नव्या पेटीला कधीही लावू नयेत. ड्राइव्हकडचे टोक प्रमाणित असते, पेटीकडचे नसते. प्लग व्यवस्थित बसतो, पण पाच व्होल्टच्या तारेत बारा व्होल्ट येऊ शकतात आणि वर्षांची साठवण असलेली डिस्क चालू करताक्षणी जळते. जुन्या केबल जुन्याच पेटीसोबत बांधून ठेवाव्यात.