कॅरिबूंचं रान आणि 65 टक्क्यांचा आकडा

कॅनडाच्या सूचिपर्णी जंगलांतल्या कॅरिबूंची, म्हणजे तिथल्या रेनडियर हरणांची, दक्षिण हद्द एकोणिसाव्या शतकापासून उत्तरेकडे सरकत गेली. आजचा वाद मात्र अलीकडचा. 2003 मध्ये या प्राण्याला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि परिसरशास्त्रज्ञांना विचारलं गेलं: कळप तगायला किती जंगल अबाधित हवं?

2012 च्या राष्ट्रीय योजनेत उत्तर आलं, किमान 65 टक्के. तेवढं रान शाबूत असेल तर कळप स्वबळावर टिकण्याची शक्यता 60 टक्के. म्हणजे एवढं राखूनही दहापैकी चार वेळा अपयश यायची शक्यता उरतेच. तरीही हा आकडा उलटा वाचला जातो, जणू उरलेल्या 35 टक्क्यांत तोडीची मुभाच दिली आहे.

'अबाधित' कशाला म्हणायचं, यावर तर खडाजंगीच झाली. गेल्या 40 वर्षांत जळालेलं रान बाधित. रस्ता, खाण, तोड यांच्याभोवतीची 500 मीटरची पट्टीही बाधित. तेलाच्या शोधासाठी अल्बर्टा प्रांतात पाडलेल्या सरळसोट वाटा जेमतेम 5 ते 8 मीटर रुंद. त्यांच्यासाठी एवढी पट्टी कशाला, असा उद्योगांचा सवाल. पण लांडगे याच वाटांनी भराभर चालतात. तोडीनंतर उगवणाऱ्या कोवळ्या पाल्यावर मूस हे थोराड हरीण आणि इतर हरणं वाढतात, त्यांच्यावर लांडगे पोसले जातात, आणि वर्षाला एकच पिल्लू देणारी कॅरिबूची मादी त्यात भरडली जाते. हिवाळ्यात कॅरिबू जगतात ते आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांवर, आणि ते भरपूर मिळतात जुन्या रानातच.

अल्बर्टातल्या लिटल स्मोकी कळपाचं 95 टक्के रान बाधित ठरलं. तिथे 2005 पासून दर हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून लांडगे टिपले गेले, विषही घातलं गेलं. घट थांबली, कळप वाढला नाही. तोड चालू ठेवून लांडगे मारणं हा उपाय नव्हे, नुसती मुदतवाढ आहे.

तेलाच्या शोधाच्या त्या वाटा बुजवणं हे खरं काम, आणि ते चिवट आहे. दलदलीतल्या वाटा दशकं उलटली तरी भरून येत नाहीत. म्हणून यंत्राने मातीचे उंचवटे करायचे, त्यांवर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची रोपं लावायची, लांडग्यांची चाल मोडायला खोडं आडवी टाकायची.

प्रांतांनी रान राखण्याचे आराखडे द्यायची मुदत 2017 मध्ये संपली, तेव्हा ते अपुरेच होते. 2020 मध्ये सस्कॅचेवान प्रांताच्या उत्तर भागासाठी किमान मर्यादा 40 टक्के ठरली. तिथली बाधा बहुतांशी वणव्यांची, माणसाची फार थोडी. इतर ठिकाणी 65 टक्के कायम आहेत.