एका अक्षरासाठी ६४ किलोबाइट

सीडी ‘बर्न’ करणे हा शब्दप्रयोग रुळल्यामुळे सीडी एकदा जळली की संपली, असं पुष्कळांना वाटतं. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरबद्दल ते बरोबर आहे. तिथे लेझर रंगद्रव्याचा थर कायमचा बदलून टाकतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूमध्ये मात्र काहीही जळत नाही. तिथे धातू वितळतो आणि गोठतो, आणि एकाच जागी हे साधारण हजार वेळा करता येतं!

हा मिश्रधातू चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियमचा. लेझरने त्याचा ठिपका सुमारे ६०० अंश सेल्सियसला वितळवला आणि लगेच जोर कमी केला, की तो इतका झटकन थंडावतो की अणूंना रांग धरायला सवडच मिळत नाही. काचेसारखा विस्कळीत गोठलेला हा ठिपका प्रकाश कमी परतवतो. पुसायचं तर सुमारे २०० अंश पुरतात. धातू वितळत नाही, पण अणू हलतात आणि पुन्हा स्फटिकाच्या शिस्तीत बसतात. अर्धी भरलेली चकती दिव्याखाली तिरकी धरून पाहा, लिहिलेला भाग कुठे संपतो ते छटेवरून कळतं.

मग पेन ड्राइव्हसारखी फाइल सरळ का टाकता येत नाही? कारण ठिपका बदलता येतो, पण फाइलमधले शेजारचे बाइट चकतीवर शेजारी नसतातच. ओरखडा पडला तरी मजकूर वाचता यावा म्हणून बाइट आणि त्यांचे दुरुस्तीचे अंक ट्रॅकवर लांबवर विखुरलेले असतात, इतर बाइटांत मिसळून. म्हणून २ किलोबाइटच्या ३२ सेक्टरांचं (ट्रॅकच्या तुकड्यांचं) एक पॅकेट आखतात आणि दोन पॅकेटांमध्ये जोडणीसाठी ७ सेक्टर सोडतात. ३९ पैकी ७, म्हणजे जवळजवळ १८ टक्के जागा इथेच गेली. एक अक्षर बदलायचं तरी ६४ किलोबाइटचं अख्खं पॅकेट वाचायचं, मेमरीत दुरुस्त करायचं आणि पुन्हा लिहायचं.

लिनक्सच्या जुन्या कर्नेलांमध्ये (कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा) हे काम ‘पीकेटीसीडीव्हीडी’ ड्रायव्हर करतो. ‘सीडीआरडब्ल्यूटूल’ ही आज्ञा पॅकेटं आखून यूडीएफ ही चकत्यांसाठीची फाइल सिस्टिम तयार करते, ‘पीकेटीसेटअप’ ड्राइव्हला या ड्रायव्हरशी जोडतं, आणि माउंट करायचं (म्हणजे वापरासाठी जोडायचं) ते त्यातून तयार झालेलं डिव्हाइस, मूळ ड्राइव्ह नव्हे. डीव्हीडी+आरडब्ल्यूला एवढा खटाटोप लागत नाही. ती फॉरमॅट केलेली असली की ३२ किलोबाइटच्या ब्लॉकची जुळवाजुळव ड्राइव्हच सांभाळतो.

माउंट करताना ‘नोएटाइम’ हा पर्याय द्यायलाच हवा. नाहीतर फाइल नुसती वाचली तरी ‘शेवटची कधी वाचली’ ही वेळ नोंदवायला एक पॅकेट नव्याने लिहिलं जाऊ शकतं, आणि त्या जागेच्या हजारातली एक खेप फुकट जाते. थकलेल्या पॅकेटांसाठी यूडीएफ राखीव जागा आणि बदलीची नोंदवही ठेवतं, पण तीही मोजकीच असते.